जॅक लावला की दार अडकते: एमजीबीची घरगुती पुनर्बांधणी

उघड्या टपाच्या जुन्या स्पोर्ट्‌सकारला मध्यावर जॅक लावून एक बाजू उचलली, की कधीकधी त्या बाजूचे दार लागता लागत नाही. गाडी पुन्हा चाकांवर उतरवली की तेच दार मुकाट्याने बसते. बिजागऱ्या शाबूत असतात, कुलूपही ठीक असते. दोष असतो दाराखालच्या पत्र्यात. तो नीट समजला की अशा गाडीचे काम कुठून सुरू करायचे, पैसा कुठे ओतायचा आणि हात कुठे आखडता घ्यायचा, हेही बरेचसे समजते.

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात उघडून पुन्हा जोडल्या जाणाऱ्या गाड्यांत एमजीबीचा मान मोठा आहे. सिड एनेव्हर या अभियंत्याच्या देखरेखीखाली आकाराला आलेली ही दोन आसनी गाडी १९६२ साली बाजारात आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत राहिली. सर्व प्रकार धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि यंत्रणा इतकी साधी आहे की पान्यांचा एक संच, घोड्या, जॅक आणि वेल्डिंग यंत्र एवढ्यावर बहुतेक काम उरकते. मराठी वाचकाला तिचे इंजिन अगदीच परके नाही. ॲम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’चे. आज भारतात धावणाऱ्या नव्या एमजी गाड्यांशी मात्र हिचे नाते नावापुरतेच.

टप नसलेल्या गाडीचा कणा

एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीला लोखंडी चासी वेगळी होती आणि तिच्यावर पत्र्याची बॉडी बसवलेली होती. एमजीबीत चासीच नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. इंजिन, चाके, आसने सारे तिलाच टांगलेले. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. वजन वाचते, पण पत्रा कुजला की गाडीचा कणाच कुजतो.

उघड्या गाडीत ही अडचण दुप्पट होते. काडेपेटी हातात घेऊन दोन्ही टोकांनी पिळून पाहावी. बाहेरचे चौकोनी कवच पिळाला दाद देत नाही. आतला काड्यांचा ट्रे मात्र लगेच वाकडा होतो, कारण त्याची वरची बाजू उघडी असते. १९६५ साली आलेल्या एमजीबी जीटीला पोलादी छप्पर आहे, म्हणून ती कवचासारखी ताठ. उघडी रोडस्टर म्हणजे ट्रे. छपराची उणीव भरून काढायला रोडस्टरमध्ये दोन्ही दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एकेक बंद पोकळ पेटी धावते. तिला सिल म्हणतात. दोन्ही सिल आणि मधला गिअरबॉक्सचा बोगदा मिळून गाडीचा पुढचा व मागचा भाग एकत्र धरून ठेवतात.

सिल वरून एकसंध दिसते, पण ती अनेक पत्र्यांची आहे: बाहेरचा दिसणारा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि या सगळ्यांना खालून बांधणारी ‘कॅसल रेल’ नावाची दुमडलेली पट्टी. ताकद येते ती हे सारे एकमेकांना पक्के जोडलेले असण्यातून. मधला पडदा गंजून गेला तर बाहेरचा पत्रा कितीही चकचकीत असो, पेटी पेटी राहत नाही. मग मध्यावर जॅक लावला की गाडीची दोन्ही टोके किंचित खाली झुकतात. दार पुढच्या खांबाला टांगलेले असल्यामुळे ते त्या खांबाबरोबर फिरते, त्याची मागची कड वर जाते आणि कुलपाची जीभ आपल्या खाचेसमोर राहत नाही. चाकांवर उभ्या असलेल्या गाडीत याच्या उलट घडते: मध्यभाग खचतो आणि दाराच्या मागची फट वरच्या बाजूला अरुंद होत जाते. ही फट म्हणजे गाडीच्या प्रकृतीचा सर्वांत प्रामाणिक दाखला; विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवलेला बरा.

गंज आतून का लागतो

लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते, पण ब्रिटनमध्ये हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणे ही मुळात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने चालणारी क्रिया असल्याने तिचा वेग वाढतो. शिवाय या गाडीचे पत्रे कडेला कड लावून ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेले आहेत. दोन ठिपक्यांमधल्या चिरेत पाणी शिरते आणि वाळत नाही. चिरेच्या आत प्राणवायू कमी, बाहेर जास्त. या फरकामुळे विरघळते ते आतले लोखंड. तयार झालेला गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो चीर फाकवतो आणि आणखी पाण्याला वाट करून देतो. बाहेरच्या रंगावर फुगवटा दिसेपर्यंत आतले काम झालेले असते.

एमजीबीत पुढच्या चाकामागे एक आडवा पत्रा आहे. चाकाने उडवलेला चिखल पुढच्या पंखाच्या (मडगार्डच्या) पोकळीत जाऊ नये, हे त्याचे काम. त्याच्या कडेचे रबर कडक होऊन आक्रसले की चिखल आत जातो आणि नेमका सिलच्या पुढच्या टोकावर साठतो. पंख काढल्यावर तिथे मूठभर ओली माती निघणे ही नित्याची गोष्ट. पंख नट-बोल्टांनी बसवलेला असतो हे सुदैव. मागचे पंख मात्र वेल्ड केलेले आहेत.

> चौकट: विकत घेण्यापूर्वी
> दारामागची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते आधी पाहावे आणि मग गाडी उचलून पुन्हा पाहावे. सिल आणि पंखांच्या खालच्या भागावर लोहचुंबक फिरवावा. तो जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे. कॅसल रेल खालून बोटाने चाचपावी. तिची कड धारदार आणि सरळ लागायला हवी. गोलसर, जाड लागली तर जुन्या सिलवर नवा पत्रा चढवलेला असण्याचा संभव मोठा. इंजिनाचा आवाज सर्वांत शेवटी ऐकला तरी चालते. इंजिनाचे काम स्वस्त पडते, पत्र्याचे महाग.

सिल बदलताना

जुन्या सिलवर नवे आवरण वेल्ड करून मोकळे होण्याची पळवाट पूर्वी सर्रास वापरली जात असे. दिसायला काम सुबक होते, पण आतला कुजका पडदा तसाच राहतो आणि आवरणाखाली ओल दुप्पट अडकते. असे काम न केलेले बरे.

योग्य पद्धतीत कापण्याआधीची तयारीच मोठी असते. पेट्रोलची टाकी मागच्या डिकीखाली आहे. ती काढून गाडीपासून दूर ठेवावी लागते, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षाही धोक्याची असते. बॅटरीच्या तारा सोडवतात, नाहीतर वेल्डिंगच्या प्रवाहाने अल्टरनेटर निकामी होऊ शकतो. मग गाडी पुढे-मागे स्प्रिंगांच्या आधाराजवळ घोड्यांवर ठेवून सपाट करतात, म्हणजे तिचे वजन जसे चाकांवर असते तसेच राहते. दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत पोलादी चौकोनी नळी तात्पुरती पक्की करतात. सिल कापल्यावर गाडी वाकू नये यासाठी हा टेकू. घाई करून टेकू न लावता कापलेली गाडी नव्या सिलमध्ये कायमची वाकडी वेल्ड होते आणि मग तिचे दार कोणत्याही उपायाने नीट बसत नाही.

एका वेळी एकच बाजू कापायची. कॅसल रेल आणि मधला पडदा आधी, बाहेरचा पत्रा नंतर. प्रत्येक पत्रा शिकंज्यांनी धरून ठेवायचा, दार टांगायचे, लावून पाहायचे, फट तपासायची आणि मगच वेल्डिंगची ठिणगी पाडायची. कारखान्यातल्या ठिपक्यांच्या वेल्डची नक्कल घरी अशी करतात: वरच्या पत्र्याला अंतराअंतरावर भोके पाडायची आणि भोकातून खालच्या पत्र्यापर्यंत वेल्ड भरायचा. सलग रेघ ओढली तर उष्णतेने पत्रा लाटेसारखा वळतो, म्हणून थोडे इथे, थोडे तिथे असे काम चालते. ज्या कडा एकमेकींवर येऊन कायमच्या झाकल्या जाणार, त्यांना आधीच जस्तयुक्त प्रायमर लावतात. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. रंग झाल्यावर सिलच्या पोकळीत पातळ मेण फवारतात. ते चिरांत झिरपून पाणी बाहेर ठेवते. तळाची पाणी निघण्याची भोके मेणाने किंवा रंगाने बुजली तर मात्र सारी मेहनत पाण्यात.

पत्रा जिथे तिथे गेलाच असेल तर दुसरा मार्ग आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ साली एमजीबीची अखंड नवी बॉडी मूळ साच्यांवर बनवायला सुरुवात केली. जुन्या गाडीतले इंजिन, चाके, काचा, आसने उतरवून नव्या बॉडीत बसवायची, इतकेच काम उरते. खर्च मोठा खरा, पण कुजक्या गाडीवर शेकडो तास वेल्डिंग करण्यापेक्षा हा हिशेब अनेकदा स्वस्त पडतो.

इंजिन आणि शिशाविना पेट्रोल

बी-सिरीज इंजिन बीडाचे, जड आणि सोशीक आहे. सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकला तीन मेन बेअरिंगे होती. १९६४ च्या अखेरीस ती पाच झाली आणि इंजिन अधिक सुरळीत फिरू लागले. सुमारे ९५ अश्वशक्ती आजच्या हिशेबाने फार नाही, पण गाडीचे वजनही टनापेक्षा कमीच. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर उचलून काढतात. बेअरिंगे, पिस्टन रिंगा, तेलाचा पंप बदलणे आणि गरज असेल तर वर्कशॉपमधून सिलिंडर बोअर करून आणणे, हे काम कोणत्याही जुन्या इंजिनासारखेच.

एक प्रश्न मात्र काळाने निर्माण केला. हे इंजिन घडले तेव्हा पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे. जळल्यावर त्याचा बारीक थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये बसे आणि दोन धातूंना थेट भिडू देत नसे. २००० साली ब्रिटनमध्ये, आणि भारतातही, शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. आता लालबुंद व्हॉल्व्ह बीडाच्या मऊ सीटवर आपटतो तेव्हा क्षणभर सूक्ष्म ठिपक्यांत चिकटतो आणि उचलला जाताना सीटचे कण ओरबाडून नेतो. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये हळूहळू वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तापलेला वायू त्याच्या कडेने निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो.

हेड उतरवलेलेच असेल तर जुन्या सीटच्या जागी कडक पोलादाच्या सीट बसवून घेणे हा कायमचा उपाय. हेड चांगले असेल आणि गाडी फक्त रविवारी हळू फिरणार असेल, तर टॅपेटची फट नियमित मोजत राहिले तरी भागते. कारण ही झीज सतत वेगात आणि जास्त आरपीएमला चालवल्यानेच भरभर होते.

दोन कार्ब्युरेटरांचा सूर

एमजीबीवर एसयू जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात; याच जातीचा एक जुन्या ॲम्बॅसेडरवरही असे. याची युक्ती पाहण्यासारखी आहे. साध्या कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट ठरलेल्या मापाची असते आणि वेगवेगळ्या वेगांसाठी अनेक लहान-मोठे जेट लागतात. एसयूमध्ये जेट एकच. हवेच्या वाटेत एक पिस्टन वर-खाली होतो आणि त्याच्या तळाला लावलेली निमुळती सुई जेटमध्ये शिरलेली असते. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन जास्त हवा ओढते, पिस्टनच्या वरच्या घुमटातला दाब कमी होतो आणि पिस्टन वर उचलला जातो. हवेची वाट रुंदावते आणि सुईचा जाड भाग बाहेर येऊन बारीक भाग जेटमध्ये उरल्याने पेट्रोलची वाटही तेवढीच रुंदावते. पिस्टनच्या पोकळ दांड्यात थोडे तेल असते. ते पिस्टनला झटकन उडू देत नाही, त्यामुळे एकदम रेस दिल्यावर क्षणभर मिश्रण घट्ट राहते आणि गाडी अडखळत नाही. त्या तेलाची पातळी पाहायला लोक विसरतात आणि मग अडखळणाऱ्या गाडीचा दोष दुसरीकडेच शोधत बसतात.

दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतात का, हे ऐकून ठरवतात. रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे आळीपाळीने प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. सुस्कारा दोन्हीकडे सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवायचे. मग मिश्रण. इंजिन सावकाश चालू ठेवून एका कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाची गती वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे. गती लगेच पडली तर कमी. किंचित चढून पूर्ववत झाली तर बरोबर. हे सारे करूनही आयडलिंग स्थिर राहत नसेल, तर थ्रॉटलचा दांडा झिजून त्याच्या कडेने हवा शिरत असते आणि कोणताही स्क्रू तिला आवर घालू शकत नाही.

वीज: उलटी बॅटरी, मिणमिणते दिवे

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. त्यानंतर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि ऋण टोक बॉडीला गेले. जुन्या गाडीत आजचा रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बेधडक जोडले तर ते क्षणात जळते. म्हणून आधी बॅटरीच्या आणि कॉइलच्या तारा उलटवून डायनॅमोला नव्या दिशेची सवय लावावी लागते. त्यासाठी त्याच्या फील्डच्या टोकाला बॅटरीच्या तारेचा क्षणभर स्पर्श पुरतो.

मंद हेडलाइटचे कारणही साधे आहे. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर ओढतात. हा सारा प्रवाह डॅशबोर्डवरचे बटण, डिपरचे बटण आणि गंजलेले जोड यांच्यातून फिरून दिव्यापर्यंत जातो. वाटेत दहाव्या हिश्श्याइतके व्होल्ट गळले, तर उजेड मात्र जवळपास ३० टक्के घटतो, कारण दिव्यातली तार जराशी कमी तापली तरी तिचा प्रकाश त्या मानाने बराच जास्त घटतो. दिव्यांजवळ रिले बसवला की मोठा प्रवाह बॅटरीपासून सरळ जातो आणि जुन्या बटणातून फक्त रिले चालवण्यापुरता. खर्च किरकोळ, फरक डोळ्यांना लगेच दिसणारा.

बदल करायचेच तर

हलके बदल दोन प्रकारचे असतात: गाडीची मूळ उणीव भरून काढणारे आणि नुसती हौस भागवणारे. पहिल्या प्रकारात रिलेचा वर उल्लेख आला. डिस्ट्रिब्यूटरमधल्या सीबी पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक संच बसवला की पॉइंट जळणे आणि फट बदलणे थांबते. वरून काही दिसत नाही आणि जुने पॉइंट डिकीत ठेवले तर रस्त्यात परत बसवताही येतात. ओव्हरड्राइव्ह हा तर कारखान्यातूनच मिळणारा पर्याय होता. तो नसलेली गाडी ताशी ११० किलोमीटरला जवळपास ३९०० आरपीएमने ओरडते. ओव्हरड्राइव्ह घातला की ते ३२०० च्या आसपास येते. लांबच्या प्रवासात याच्याइतका सुखावह बदल दुसरा नाही.

१९७४ च्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या बंपर-उंचीच्या नियमांसाठी गाडीला जाड काळे रबरी बंपर आले आणि ती सुमारे ३८ मिलिमीटर उंच केली गेली. परिणामी वळणावर ती जास्त कलते. पुढच्या स्प्रिंगा आणि मागचे पाटे बदलून ती जुन्या उंचीवर आणणे समर्थनीय आहे. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुन्या लिव्हर पद्धतीचेच ठेवलेले बरे. त्यांची बदनामी बहुतेक वेळा आतले तेल गळून गेल्यामुळे झालेली असते.

हौसेच्या बदलांत मोठा एअर फिल्टर आणि रुंद सायलेन्सर पहिल्या क्रमांकावर. ते बसवले की पिस्टनभोवतीचा हवेचा हिशेब बदलतो, म्हणून कार्ब्युरेटरची सुईही बदलावी लागते. नाहीतर मिश्रण पातळ होऊन गाडी जास्त तापते आणि शक्ती वाढण्याऐवजी घटते. दुसऱ्या कंपनीचे मोठे इंजिन घालण्याच्या वाटेला जाण्याआधी कायदाही पाहावा. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे; पण बॉडीचा सांगाडा, ॲक्सल किंवा इंजिन यांत गेल्या तीस वर्षांत ‘मोठा बदल’ केला असेल तर ती मिळत नाही. त्याच जातीचे वेगळ्या सीसीचे इंजिन चालते.

पहिला आठवडा

नव्याने बांधलेले इंजिन सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने फिरवतात, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर पहिली वीस मिनिटे इंजिन आयडलिंगला न ठेवता २००० च्या वर फिरवत ठेवतात, कारण कॅमवर तेल उडते ते फिरत्या क्रँकवरून. तेल २०डब्ल्यू-५० जातीचे आणि पुरेसे जस्त असलेले घ्यावे; आजच्या गाड्यांसाठीच्या पातळ तेलात जस्त कमी असते आणि सपाट टॅपेट त्याविना लवकर झिजतात. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर इंजिन थंड करून हेडचे नट पुन्हा ठरल्या जोराने आवळायचे, टॅपेटची फट मोजायची आणि तेल बदलायचे. त्याच वेळी स्टीअरिंगच्या किंगपिनना ग्रीस द्यायला विसरू नये. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले की ते झिजून पुढची चाके डगमगू लागतात, आणि ते बदलायचे म्हणजे सारे सस्पेन्शन पुन्हा उतरवावे लागते.